कागद ओला असताना

मराठी दिवाळी अंकांची चित्रं पावसाळ्यात काढली जातात. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाचकाच्या हाती पडतो. छपाई त्याआधी, मांडणी त्याच्याही आधी, त्यामुळे चित्रकाराकडे कथा येते ती जुलै-ऑगस्टच्या सुमारास. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना मानधनाचं पहिलं काम मिळतं तेही बहुधा याच दिवसांत. आणि मुंबईत याच दिवसांत कागद सगळ्यात वाईट वागतो. पापड सादळावा तसा सादळतो, काठांना वळतो, रंग एका जागी ओढून घेतो आणि दुसऱ्या जागी नाकारतो. वर्गात रंगसंगती शिकवतात, रचना शिकवतात, शरीरशास्त्र शिकवतात. ओल ओळखायला मात्र ज्याची त्यालाच शिकावी लागते, आणि जलरंगात कथाचित्र करणाऱ्याचं निम्मं काम त्या ओळखीवर चालतं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कागदापासूनच. इम्पीरिअल शीट २२ बाय ३० इंचांचं असतं. ते दोनदा दुमडून कापलं की ११ बाय १५ चे चार तुकडे होतात. अंकातल्या एका पानाच्या चित्राला हा पाव तुकडा पुरतो, कारण मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट करायचं असतं. दीडपट का, तर लहान होताना हाताची थरथर आणि रेघेचे खडबडीत काठ दबले जातात. तिप्पट केलं तर बारीक रेघा लहान होताना नाहीशाच होतात. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा. २०० जीएसएमवर काम होतं, पण पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराला, त्याच्या लाटा होतात आणि रंग त्या लाटांच्या खोलगटात जाऊन बसतो.

कागद चांगला आहे की नाही हे वेष्टनावरच्या नावावरून ठरवू नये, निदान पावसाळ्यात तरी नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब काही क्षण मण्यासारखा उभा राहिला तर कागदावरचं सायझिंग शाबूत आहे. थेंब लगेच आत जिरून काळपट डाग पडला तर सायझिंग गेलं. सायझिंग म्हणजे कागदाला दिलेलं जिलेटिन किंवा तत्सम द्रव्याचं पाणी. त्याच्यामुळे रंग वर तरंगतो आणि आपल्याला तो हलवायला वेळ मिळतो. दमट हवेत बुरशी नेमकं तेच खाते. डोळ्यांना काही दिसत नाही. वॉश दिल्यावर मात्र आकाशात गडद ठिपके उमटतात, आणि त्यावर कुठलाही इलाज नाही. म्हणून वर्षाचा कागद पावसाळ्याआधी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आडवा ठेवायचा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नाही. जुलैत सादळलेला कागद बांधला तर ओलही आतच बांधली जाते.

मग कागद ताणणं, म्हणजे वॉश दिल्यावर त्याच्या लाटा होऊ नयेत. ही पायरी टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण कंटाळवाणी आहे. कागद स्वच्छ पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवायचा. तंतू फुगून तो किंचित मोठा होतो. दोन कोपऱ्यांना धरून पाणी निथळू द्यायचं, बोर्डवर पसरायचा आणि चारही काठांवर डिंक लावलेली कागदी पट्टी चिकटवायची, निम्मी कागदावर आणि निम्मी बोर्डवर. पार्सलला लावतात ती तपकिरी प्लास्टिकची टेप इथे चालत नाही, ओल्या कागदाला ती धरतच नाही. कागदी पट्टी मिळाली नाही तर मैद्याची खळ आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या, ही जुनी रीत आजही चोख काम करते. बाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे. घातलंच तर हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पट्टी फार भिजवली तर डिंक धुऊन जातो. बोर्ड वाळायला उभा ठेवला तर पाणी खालच्या काठाला जमतं आणि तिथली पट्टी सुटते. घाईने पंख्याखाली ठेवला तर कडा आधी आकसतात, मधला भाग मागे राहतो आणि कोपऱ्यात कागद फाटतो. बोर्ड आडवा ठेवून रात्रभर सोडून द्यायचा. सकाळी बोटाने टिचकी मारली की डफासारखा ताठ आवाज येतो.

कागद वाळत असतो तेव्हा वही भरायची.

मुंबईतल्या विद्यार्थ्याची वही लोकलमध्ये भरते. सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे जे. जे.मध्ये, येणारी कितीतरी मुलं कल्याण, पनवेल, वसईहून रोज तास-दीड तास प्रवास करतात. धीम्या गाडीत मस्जिद ते सँडहर्स्ट रोड, सँडहर्स्ट रोड ते भायखळा अशी दोन-तीन मिनिटांची टप्प्याटप्प्याची वेळ मिळते. समोरचा माणूस पुढच्या स्टेशनला उतरणार हे गृहीत धरूनच पेन टेकवायचं. वही तळहाताएवढी, म्हणजे गर्दीत दिसत नाही. पेन्सिलपेक्षा बॉलपेन बरं, कारण खोडता येत नाही आणि दाब कमी-जास्त केला की टोनही, म्हणजे फिका-गडद फरकही, मिळतो. फक्त दर थोड्या वेळाने टोक चिंधीला पुसायचं, नाहीतर शाईचा गोळा नेमका गालावर पडतो. कोपर बरगडीला टेकवलं की गाडीच्या हिसक्याने रेघ उडत नाही.

काय आधी काढायचं, याला क्रम आहे. पहिल्यांदा खांद्यांची रेघ, ती कुठल्या बाजूला कललीय ते. मग मानेचा कल. मग वरचा हात कडीला कसा लटकलाय, मनगटातून की बोटांच्या टोकांतून. थकलेला माणूस कडी धरत नाही, तिच्यावर हात टांगतो. हा फरक एकदा रेघेत उतरला की डोळे, नाक, ओठ काढायची गरज बहुधा उरत नाही. नवशिकी मुलं डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि तेवढ्यात भायखळा येतं. बघणाऱ्याला अवघड वाटतंय असं जाणवलं तर वही मिटायची. टक लावून पाहणं हा चित्रकाराचा हक्क नव्हे.

ज. जी.च्या शेजारीच क्रॉफर्ड मार्केट आहे, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ सालची ही इमारत. तिच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंग यांच्या संकल्पनेतली, आणि ते १८६५ पासून याच कलाशाळेत शिकवत होते. त्या शिल्पांखालून रोज पाटीवाले जातात. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस हा आकृतिचित्राचा उत्तम धडा आहे. मोकळ्या उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून सरळ खाली सोडलेली रेघ ज्या पायावर भार आहे त्याच्या टाचेशी येते. डोक्यावर पाटी आली की मान आखूड होते, पाठ ताठ होते, पावलं लहान पडतात आणि ओझ्याचा मध्य पावलांच्या वर राखण्यासाठी कंबर सतत हलत राहते. मान लांब ठेवून वर टोपली काढली की ती थर्मोकोलची वाटते. दहा पाटीवाले काढल्यावर हे हाताला समजतं, नुसतं वाचून समजत नाही.

आता कथा. उदाहरण म्हणून एक प्रसंग घेऊ. काळ १९८२ चा जुलै, गिरणगावातली चाळ. १८ जानेवारीला सुरू झालेला गिरणी संप सहाव्या महिन्यात आहे. घरातला माणूस सकाळीच बाहेर पडलाय, कुठे ते सांगून गेलेला नाही. बायकोने सवयीने डबा भरलाय. भरल्यावर तिच्या लक्षात येतं की तो नेणारं कुणी नाही.

कथा निदान तीनदा वाचावी. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारत. तिसऱ्यांदा फक्त एवढं शोधायला, की लेखकाने काय सांगितलेलं नाही. चित्राची जागा तिथे असते. बाई रडते असं कथेत लिहिलंच असेल तर रडणारी बाई काढून वाचकाला काही नवं मिळत नाही. शेवटचा प्रसंग काढला तर पान उलटण्याआधीच कथा फुटते. या कथेत मला डबा उंबऱ्यावर ठेवलेला दिसतो. झाकण लावलंय, पण कडी अजून अडकवलेली नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना माणसं काढायला शिकवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्या परीक्षेने कागद भरायची सवयही लावली. बसस्टॉप असेल तर सात माणसं, दोन छत्र्या, एक कुत्रा. कथाचित्रात यातलं सहा-सप्तमांश काढून टाकावं लागतं. ते काढून टाकण्यासाठी थंबनेल करतात. दीड बाय दोन इंचांच्या चौकटी, एका कथेला निदान दहा. पहिल्या तीन चौकटींत जे येतं ते कुणालाही सुचलं असतं. चौथ्या-पाचव्यापासून डोकं खऱ्या अर्थाने कामाला लागतं. प्रत्येक चौकटीत फक्त तीन टोन: कोरा कागद, मधला करडा आणि काळा. एवढ्याशा चौकटीत, हातभर अंतरावरून, डबा दिसला नाही तर मोठ्या चित्रातही तो दिसणार नाही.

डोळ्यांची पातळी कुठे धरायची हा या चित्रातला सगळ्यात मोठा निर्णय. उभ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं तर आपण त्या बाईकडे वरून बघतो, पोलीस किंवा पाहुणा बघतो तसं. ती जमिनीवर बसलीय. तिच्या डोळ्यांची पातळी जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असणार. क्षितिजरेघ तिथे घेतली की दाराची चौकट उंच होत वर निघून जाते, बाहेरच्या कठड्याच्या सळया डोळ्यांसमोर उभ्या राहतात आणि उंबऱ्यावरचा डबा, जो एरवी पायाखालची वस्तू, तो तिच्याएवढाच महत्त्वाचा होतो.

तपशिलाची खात्री करून घ्यावी. १९८२ च्या चाळीच्या खोलीत प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची नको. वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह हवा, बाजूला रॉकेलचा डबा, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. वायरिंग भिंतीवरून लाकडी पट्टीवर गेलेलं, काळे गोल स्विच. बाई नऊवारी नेसलेली असेल तर बसल्यावर कासोट्याचा ताण मांडीवर कुठे येतो हे नेसलेल्या कुणाला तरी बसवून पाहिल्याशिवाय काढू नये. वाचकांत त्या चाळीत वाढलेली माणसं आहेत. एक स्विच चुकला तरी त्यांचा चित्रावरचा विश्वास जातो, आणि तो जाणं रास्तच आहे.

पेन्सिलीचं रेखाटन हलक्या हाताने, एचबी किंवा बी. टूएचसारखी कडक पेन्सिल कागदात चर पाडते आणि वॉश त्या चरात साचतो. शाईची रेघ घालायची असेल तर आता. टाकाचं नवं निब तेलकट असतं, शाई त्याच्यावरून थेंब होऊन घसरते. साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावं. निब नेहमी स्वतःकडे ओढावं. पुढे ढकललं की ते खडबडीत कागदाच्या तंतूत अडकतं आणि शिंतोडे उडतात. शाई वॉटरप्रूफच हवी. फाउंटन पेनची साधी शाई पहिल्या ओल्या ब्रशला निळी होऊन पसरते. उलट शेलॅकची (लाखेची) वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनमध्ये भरली तर ती आत वाळून पेन कायमचं बंद पडतं. पावसाळ्यात जाड रेघ वरून सुकलेली दिसते आणि आतून ओलीच असते. घाईने वॉश दिला की त्यातून करडी ओघळ सुटते. रात्रभर थांबायचं.

रंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ओकर, बर्न्ट सायना, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. काळी ट्यूब मी पेटीत ठेवू नये म्हणेन. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून जो करडा मिळतो तोच मुंबईच्या पावसाचा करडा आहे. निळा जास्त घेतला की ढग, तपकिरी जास्त घेतला की चाळीची भिंत. आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे भिंतीला आपोआप पोत येतो. काळ्या ट्यूबमधून येतो तो सपाट, मेलेला करडा.

पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. सा. ल. हळदणकरांनी काढलेली हातात दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. छापील प्रत पाहून अनेकांना ते तैलचित्र वाटतं. ते जलरंगातलं आहे. बोटांच्या फटींतून येणारा तो उजेड ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने उजेडाकडे नाही, भोवतीचा अंधार किती थरांनी चढवलाय तिकडे बघावं. आपल्या चित्रात दारातून येणारा पावसाळी उजेड आणि डब्याच्या झाकणावरची एक चकाकी, एवढंच कोरं सोडायचं. ती चकाकी नंतर पांढऱ्या पोस्टर कलरने घालता येते, पण ती वर बसवल्यासारखी दिसते.

पहिला वॉश यलो ओकर आणि थोडा बर्न्ट सायना, फिकट. लागेल त्यापेक्षा जास्त रंग आधीच कालवून ठेवायचा, पाव शीटला दीड-दोन मोठे चमचे. मध्येच संपला आणि पुन्हा कालवायला गेलो की छटा जुळत नाही आणि तोवर काठ वाळून रेघ पडते. बोर्डच्या वरच्या काठाखाली एक जाड वही सरकवायची. दहा नंबरचा गोल ब्रश भरून डावीकडून उजवीकडे न्यायचा, खालच्या काठाला रंगाचा ओथंबलेला मणी राहू द्यायचा, पुढचा फटकारा त्या मण्याला धरून. शेवटी उरलेला मणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा, नाहीतर तो वर परततो.

मग ओलीचे टप्पे सुरू होतात. आधी थबथबीत: पाणी हलताना दिसतं, त्यात सोडलेला रंग हवा तिकडे धावतो. मग चकाकी राहते पण पाणी हलत नाही. या वेळी भिंतीवरचे मऊ डाग, कोपऱ्यातला अंधार, बाईच्या पाठीमागची सावली आत सोडायची. त्यानंतर चकाकी जाते आणि कागद दमट होतो. हाच धोक्याचा टप्पा. दिसायला कागद वाळल्यासारखा असतो, हात शिवशिवतो. आपण जास्त पाणी असलेला ब्रश टेकवतो, ते पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाचे कण बाहेर ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा काठ असलेला डाग उमटतो. कागद दमट असेल तर ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा कमीच हवं. ते जमणार नसेल तर थांबावं. मुंबईत जुलैमध्ये हा दमट टप्पा अर्धा-अर्धा तास रेंगाळतो. पुण्यात एप्रिलमध्ये तो काही मिनिटांत संपतो. म्हणून एका गावात शिकलेला हात दुसऱ्या गावात काही दिवस चुकतो.

खरंच वाळलंय का, हे बघायला बोटांची मागची बाजू कागदाला लावावी. गार लागलं तर आत ओल आहे. हेअर ड्रायर वापरायचा तर चकाकी गेल्यावर, हातभर लांबून. चकाकी असताना हवा मारली की रंग पळतो. आणि वाळल्यावर प्रत्येक रंग निदान एक छटा फिका होतो, तेव्हा ओल्या रंगाला पाहून घाबरायचं नाही.

फुलकोबी झालाच तर लगेच पुसू नये. पूर्ण वाळू द्यावा, मग त्याचा काठ ओल्या ब्रशने हळूहळू मऊ करावा. चाळीच्या भिंतीवर पडला असेल तर तसाच ठेवावा. पावसात भिजलेल्या भिंतीवर ओल याच आकारात उतरते, कारण तिथेही पाणी क्षार ढकलत बाहेर नेतं आणि काठाला सोडून देतं.

दुसरा थर मधल्या टोनचा, तिसरा गडद. तीनपेक्षा जास्त थर पडले की खालचे उकलू लागतात आणि चित्र गढूळ होतं. शेवटचा गडद रंग, उंबऱ्याखालची फट आणि डब्याची सावली, चार नंबरच्या ब्रशने, एका फटक्यात.

स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), नुसत्या रेघेचं चित्र असेल तर ६०० वर किंवा त्याहून जास्त. कागदाच्या काठापर्यंत छापायचं असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा. फिके वॉश स्कॅनर गिळतो आणि छपाईत तेजस्वी निळा-केशरी उतरत नाही, हे धरूनच रंगवावं. डबा पानांच्या जोडावर येत नाही ना, तेही बघावं.

ब्रश कधीही पाण्यात उभा सोडू नये. टोक वाकतं, आणि पाणी धातूच्या नळीत शिरून लाकूड फुगतं, वरचा रंग तडकतो, केस गळू लागतात. साबणाने धुऊन, बोटांनी टोक जुळवून, आडवा ठेवायचा. वाळल्यावर मग डब्यात उभा.

चित्र पूर्ण वाळल्यावर पट्टीच्या आतून ब्लेडने कापतात. कापताना आधी एक लहान बाजू, मग समोरची, म्हणजे ताण एकदम एका कोपऱ्यावर येत नाही. बोर्डवर उरते ती कडेची अर्ध्या इंचाची चौकट. काम करताना तिच्यावर प्रत्येक मिश्रण आधी टेकवून पाहिलेलं असतं. ती फेकू नये. प्रत्येक ठिपक्याशेजारी पेन्सिलीने रंगांची नावं आणि तारीख लिहून ती वहीत चिकटवावी. पुढच्या जुलैत कुणी पुन्हा पावसातल्या चाळीची कथा पाठवली, तर तो करडा किती निळा होता ते तिथे सापडतं.